ताबा सुटल्यानंतर

(धनज, ता. कारंजा, जि. वाशिम येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे 'अभियंत्याची कारकीर्द आणि वाहनसुरक्षा'. वास्तविक या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या अभियंत्यालाच पाचारण करायला हवे होते. मी कला शाखेचा पदवीधर. गतिज ऊर्जेचे सूत्र मी शाळेतच, अत्यंत समाधानाने, मागे टाकून आलो. संयोजकांना मी हे स्पष्ट सांगितले. त्यावर ते म्हणाले, "आपण इतकी वर्षे अपघातांच्या बातम्या लिहिल्या आहेत, त्या अधिकारावर बोला." हा माझा अधिकार आहे की माझ्यावरचा आरोप, याचा उलगडा मला येथे येईपर्यंत झालेला नाही.

बातमीदारीच्या तीसएक वर्षांत एक वाक्य मी किती वेळा लिहिले असेल याची गणतीच नाही. 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने भीषण अपघात.' रात्री पोलीस ठाण्यातून माहिती यायची, पान छपाईला सोडायची घाई असायची, आणि हे वाक्य हाताशी तयारच असायचे. मृतांची नावे, जखमींची नावे, कोणत्या रुग्णालयात हलवले, पुढील तपास कोण करीत आहे; बातमी पूर्ण. ताबा सुटला म्हटले की वाचकाचेही समाधान होते. कोणी दैवाला बोल लावतो, कोणी चालकाला, आणि पान उलटते.

अभियंत्याचे काम मात्र नेमके त्या वाक्यापाशी सुरू होते. ताबा का सुटला, हा त्याचा पहिला प्रश्न. ताबा सुटल्यानंतरच्या दशांश सेकंदात गाडीच्या आत काय घडले, हा दुसरा. गाडी थांबल्यावर दरवाजा उघडला का, इंधन सांडले का, हा तिसरा. विल्यम हॅडन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी १९७० च्या सुमारास अपघाताचे असे तीन काळ पाडून दाखवले. आधी, त्या क्षणी आणि नंतर. मी तीस वर्षे त्यातल्या पहिल्याच काळाचे, तेही अर्धवट, एक वाक्य लिहीत आलो.

आज ज्यांच्याविषयी मुख्यतः बोलायचे आहे त्या रश्मी ऊर्ध्वरेषे. जन्म नागपूरचा, म्हणजे आपल्या विदर्भातला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९८३ साली पुण्याच्या 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेत प्रशिक्षणार्थी म्हणून प्रवेश केला. २०१४ मध्ये त्याच संस्थेच्या त्या संचालक झाल्या. ८ मार्च २०२० रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला, तेव्हा वाहन-संशोधनातील त्यांच्या सेवेला छत्तीस वर्षे उलटून गेली होती. त्यांचा-माझा परिचय नाही. कोणाच्या आठवणी सांगाव्यात तशा त्यांच्या खासगी गोष्टी मी सांगणार नाही. सार्वजनिक नोंदीत आहे तेवढेच बोलेन.

समोर बसलेल्या पालकांना मी एक विचारतो. १९८३ साली प्रशिक्षणार्थी म्हणून लागायचे आणि पुढची साडेतीन दशकांहून अधिक वर्षे एकाच क्षेत्रात, एकाच संस्थेत, एकाच टेकडीवर काढायची, हा मार्ग आपण आज आपल्या मुलीला सुचवू का? अभियंता झाला की कोणत्या शहरात, कोणत्या देशात आणि किती पगारावर, हेच तीन प्रश्न आपल्या ओठांवर येतात. आमची वृत्तपत्रेही त्यात मागे नाहीत. निकालाच्या हंगामात 'पॅकेज'चे मथळे आम्हीच छापतो. अमक्या प्रयोगशाळेत अमक्या मुलीने अमुक मोजले, असा मथळा मी कधी दिला नाही.

आणि ही संस्था मुख्यतः मोजण्याचे काम करते. वाहन उद्योगांनी केंद्र सरकारच्या सहकार्याने १९६६ साली तिची स्थापना केली. पुण्यात कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर ती उभी आहे. सकाळी फिरायला जाणारे पुणेकर त्या भागाला 'एआरएआय टेकडी' म्हणूनच ओळखतात. तेथे फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना आत काय चालते हे ठाऊक असेल, देव जाणे. देशात कोणतेही नवे वाहन विक्रीला येण्यापूर्वी त्याचा नमुना अधिकृत चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. मोटारसायकल असो, ट्रॅक्टर असो वा बस. अशा अधिकृत संस्थांपैकी ही एक. वाहनांची राष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या समितीचे कामकाजही येथूनच चालते.

ऊर्ध्वरेषे यांच्या कामाचा मोठा भाग वाहनांच्या धुराशी निगडित होता. त्यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा धूर किती असावा याचे बंधन आपल्या देशात जवळपास नव्हतेच. १९९१ साली पेट्रोल वाहनांसाठी आणि १९९२ साली डिझेल वाहनांसाठी पहिली मानके आली. पण मानक ठरवायचे तर आधी आपली गाडी चालते कशी, हे ठाऊक हवे. युरोपातली गाडी ज्या चालीने धावते तिने आपली गाडी धावत नाही. म्हणून या संस्थेने आपल्या रस्त्यांवरची प्रत्यक्ष चाल नोंदवून 'भारतीय चालनचक्र' तयार केले. १०८ सेकंदांचे एक आवर्तन आणि त्यात कमाल वेग ताशी अवघा ४२ किलोमीटर! त्या काळच्या आपल्या शहरांचे हे अगदी अचूक शब्दचित्र आहे. शंभर लेख लिहूनही मला ते साधले नसते. पुढे सुमारे तीस वर्षांत आपण १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा'पर्यंत पोहोचलो, पाचवी पायरी वगळून. ही उडी उद्योगाने घेतली त्या वर्षांत ऊर्ध्वरेषे संचालक होत्या.

त्याच वर्षांत सुरक्षेचे एक मोठे पाऊल पडले, त्याकडे आता येतो. १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मोटारगाड्यांना आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून विक्रीतल्या सगळ्याच मोटारगाड्यांना धडक चाचणी सक्तीची झाली. ही चाचणी मला समजावून घ्यायला बराच वेळ लागला. समजली तशी सांगतो.

गाडी रुळासारख्या वाटेवरून ओढत आणून ताशी ५६ किलोमीटर वेगाने एका अडथळ्यावर आदळवतात. अडथळ्याच्या तोंडाशी मधाच्या पोळ्यासारखी रचना असलेली ॲल्युमिनियमची जाळी असते, कारण समोरून येणारी दुसरी गाडीही अशीच चेपत असते. संपूर्ण तोंड आदळत नाही; चालकाच्या बाजूचा ४० टक्के भाग तेवढा आदळतो, कारण ओलांडून पुढे जाताना समोरासमोर होणारे अपघात बहुधा असेच असतात. आत माणसाच्या वजनाचे, सांध्यांचे, फासळ्यांचे पुतळे बसवलेले असतात. त्यांच्या डोक्यात, छातीत, मांड्यांत मोजणारी यंत्रे असतात. सेकंदाला हजार चित्रे टिपणारे कॅमेरे चालू असतात. आणि सगळा प्रकार साधारण दशांश सेकंदात आटोपतो. एअरबॅग त्यातल्या सुमारे तीन शतांश सेकंदांत फुगते. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

मग निकाल लागतो तो आकड्यांत. पुतळ्याची छाती ५० मिलिमीटरहून अधिक दबलेली चालत नाही. सुकाणूचे चाक ८० मिलिमीटरहून अधिक वर आणि १०० मिलिमीटरहून अधिक मागे, म्हणजे माणसाकडे, सरकलेले चालत नाही. धडकेच्या वेळी एकही दरवाजा उघडता कामा नये आणि धडकेनंतर, कोणतेही हत्यार न वापरता, आसनांच्या प्रत्येक रांगेसाठी निदान एक दरवाजा उघडलाच पाहिजे. इंधनाची गळती मिनिटाला ३० ग्रॅमच्या आत हवी. ही कलमे वाचताना मला वारंवार वाटले की यातले प्रत्येक कलम कोणत्या तरी घरच्या शोकातून आलेले असणार. कोणाचा तरी दरवाजा उघडला नव्हता, म्हणून ते कलम आहे.

ताशी ५६ किलोमीटर हा वेग विद्यार्थ्यांना किरकोळ वाटला असेल. सूत्र मी पुन्हा शिकून आलो आहे. या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे बारा मीटर उंचीवरून, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे. ताशी १२० वेगाने आदळणे म्हणजे सुमारे ५७ मीटरवरून पडणे; अठरा-एकोणीस मजले होतात. वेग दुपटीहून थोडा वाढला, उंची मात्र साडेचार पट झाली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. गच्चीच्या कठड्यावर मुलाला बसवायला आपण धजत नाही, आणि त्याच मुलाला पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन समृद्धी महामार्गाला लागतो.

हा महामार्ग आपल्या कारंजा तालुक्यातून जातो. ज्या भागाने 'शकुंतला'च्या चालीवर पिढ्या काढल्या (गाडी चालत असताना उतरून पुन्हा चढता येते असे ज्या गाडीविषयी विनोदाने सांगत, ती आता बंद पडलेली आपली शकुंतला), त्या भागाच्या दाराशी ११ डिसेंबर २०२२ पासून ताशी १२० चा रस्ता आला. रस्ता उत्तम आहे, आणि तो झाला याचा मला आनंदच आहे. पण सरळ, रुंद, वळण नाही, गाव नाही, चौक नाही, असा रस्ता चालकाला भूल घालतो. डोळे उघडे राहतात आणि मन झोपते. ताशी १२० च्या वेगाने गाडी एका सेकंदाला ३३ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे १३३ मीटर. कबड्डीची दहा मैदाने एकापुढे एक मांडा, तितके अंतर गाडी चालकाविना धावते.

वाहनसुरक्षेचे आजचे संशोधन येथे पोहोचले आहे. समोर बसवलेला छोटा कॅमेरा चालकाचे डोळे पाहतो, पापण्या किती वेळ मिटलेल्या राहतात हे मोजतो, नजर रस्त्यावरून किती वेळ हटली हे मोजतो, आणि आवाज करून जागे करतो. अशा यंत्रणेसाठी आपल्याकडे एआयएस-१८४ हे मानक तयार झाले आहे. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारगाड्यांत वेगाचा इशाराही सक्तीचा झाला. ८० च्या वर गेल्यावर अधूनमधून आणि १२० च्या वर गेल्यावर सतत तो वाजतो. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी हा 'कटकट्या' आवाज गॅरेजवाल्याकडून काढून घेतला आणि ते मला अभिमानाने सांगितले. सुशिक्षित गृहस्थ आहेत. अभियंत्यांनी वर्षानुवर्षे मोजून जे बसवले ते एका मेकॅनिकने दहा मिनिटांत काढले.

कॅमेरा चालकाला जागे करील, परंतु त्याला झोप देऊ शकणार नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा घातलेली होती. कायदा साठीच्या पुढे गेला. रात्रीच्या बसमध्ये चढताना "भाऊ, काल रात्री झोपलात का?" असे चालकाला आपल्यापैकी कोणी कधी विचारले आहे? मी तर नाही विचारले. एकदा एका खासगी बसने पुण्याला जाताना संकटकालीन दरवाजासमोर पोत्यांची थप्पी लावलेली मी पाहिली. पत्रकार असूनही गप्प बसलो, कारण पोती सकाळी मुक्कामावर उतरणारच होती आणि मला झोप आली होती.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे जे घडले ते या सभागृहात कोणालाही सांगण्याची आवश्यकता नाही. नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या बसमधली पंचवीस माणसे गेली, आठ वाचली. पुढचे कित्येक दिवस टायर फुटला की डुलकी लागली, याच वादात आम्ही पाने भरली. माझेच जुने वाक्य, थोडे विस्तारून! दुसरा प्रश्न आम्ही उशिरा विचारला. बस डाव्या कुशीवर पडली, दरवाजा खाली गेला आणि आग लागली, तेव्हा आतल्या माणसांनी कोठून बाहेर यायचे होते? बसच्या बांधणीसाठी एआयएस-०५२ आणि शयनयान बससाठी एआयएस-११९ अशी मानके आहेत. संकटकालीन मार्ग किती, कोठे, केवढे, हे त्यांत लिहिलेले आहे. या गोष्टी नमुन्यात तपासल्या जातात. पण रस्त्यावरच्या बसमध्ये पोती कोण हलवणार, पडद्यामागच्या काचेजवळ हातोडी टांगलेली आहे की नाही हे कोण पाहणार, याचे उत्तर प्रयोगशाळेकडे नाही.

आता पट्ट्याविषयी. नील्स बोलिन हे स्वीडनचे अभियंते. आधी ते लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत. १९५९ साली व्हॉल्व्हो कंपनीत त्यांनी खांदा आणि कंबर एकत्र बांधणारा तीन बिंदूंचा पट्टा तयार केला, आणि कंपनीने तो शोध इतर उत्पादकांनाही वापरू दिला. एअरबॅग ही या पट्ट्याची सहायक आहे. पट्टा नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला जातो आणि स्फोटाच्या वेगाने येणारी एअरबॅग त्याच्या तोंडावर आदळते. म्हणून सहा एअरबॅगांची गाडी घेऊन पट्टा न लावणे म्हणजे तटबंदी बांधून वेस उघडी ठेवणे होय.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. ८,३८४ चालक आणि ८,३३१ सहप्रवासी. हा दुसरा आकडा पाहा. चालकाला दंडाची भीती तरी असते, शेजारी आणि मागे बसणाऱ्याला ती नसते. आणि मागे बसतो कोण? ज्याचा मान मोठा तो. वडीलधारे, पाहुणे, पुढारी.

गोपीनाथराव मुंडे मागच्या आसनावर होते. ३ जून २०१४ ची सकाळ, दिल्लीतला रस्ता, शपथविधीला जेमतेम आठवडा झालेला. मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या खेड्यापाड्यांतल्या कित्येक घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. मागचा पट्टा लावलेला असता तर ते वाचू शकले असते, असे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी, जे स्वतः शल्यविशारद आहेत, त्या वेळी जाहीरपणे सांगितले होते. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले. तेही मागच्या आसनावर आणि पोलिसांच्या सांगण्यानुसार पट्ट्याविना. मागच्या पट्ट्याचा नियम या दोन्ही घटनांपूर्वीचाच आहे.

माता-भगिनी मोठ्या संख्येने आल्या आहेत, म्हणून एक छोटी गोष्ट सांगतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जी जाळी असते, जिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती कोणा विक्रेत्याची भेट नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमात तिची तरतूद आहे. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात जाऊ नये म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, मागे बसणाऱ्याला धरायला आधार असावा, पाय ठेवायला जागा असावी. साडी नेसून एका बाजूला बसणारी स्त्री जगाच्या कोणत्या परदेशी मानकात असेल? ती आपल्या नियमात आहे, कारण कोणी तरी आपल्या रस्त्याकडे पाहून तो नियम लिहिला. आणि आपली मुले गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पहिल्याच आठवड्यात ती जाळी काढून माळ्यावर टाकतात. मघाशी दाराशी लावलेल्या गाड्या मी मोजल्या. आकडा सांगत नाही, घरी जाताना आपापली गाडी पाहा.

१ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' या योजनेत ताशी ६४ किलोमीटरच्या धडकेवर गाड्यांना तारे मिळू लागले. पूर्वी हे तारे मिळवायला परदेशी संस्थेकडे पाहावे लागे. गाडी घेताना रंग आणि सरासरी यांच्या आधी तारे विचारा, एवढे पालकांना सांगेन. आणि विद्यार्थ्यांपैकी ज्याला मोजण्याचा कंटाळा नाही, ज्याला आपल्या कामामुळे काय घडले नाही हे कोणालाच कधी कळणार नाही याचे दुःख होणार नाही, त्याने पुण्याच्या त्या टेकडीचा पत्ता लिहून ठेवावा. तेथे मुलीही चालतात. एक तर संचालक झाली.

माझे बोलणे लांबले. संयोजकांनी मला कारंज्यापर्यंत सोडण्यासाठी एक मोटार ठरवली आहे. येताना मला मानाने मागे बसवले होते, आणि मागचा पट्टा आसनाच्या गादीखाली गेलेला होता. मी दोनदा ओढून पाहिला, निघाला नाही, आणि संकोचाने तसाच बसून आलो. आता निघण्यापूर्वी गादी उचलून तो बाहेर काढावा लागेल. कोणी तरुण मंडळी मदतीला आली तर बरे होईल. तोवर ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी गाडीपाशीच विचारावेत.